दूध आटलं नव्हतं, पंपाचा व्हॉल्व्ह फाटला होता: अंगावरचं दूध काढताना या चुका टाळा

सहा महिन्यांची रजा संपली ती मार्चमध्ये. परभणीहून जिंतूर तालुक्यातल्या शाळेत रोज जाणं-येणं सुरू झालं. मधल्या सुट्टीत पंप लावला की दोन्ही बाजूंचं मिळून शंभर-एकशेदहा मिली दूध निघायचं. तिसऱ्या आठवड्यात ते एकदम चाळीसवर आलं. सासूबाईंनी निदान करून टाकलं, "आटायलंय दूध तुझं. दिवसभर उन्हात फिरायलीस ना." मग मेथीचे लाडू, अळिवाची खीर, शतावरी असं सगळं आठवडाभर पोटात गेलं. मिली काही वाढले नाहीत. एका रात्री पंप धुताना सिलिकॉनच्या छोट्या व्हॉल्व्हला केसाएवढी चीर दिसली. नवीन बसवला आणि दुसऱ्या दिवशी आकडा पूर्वीच्या जागी आला.

तेव्हापासून कुणी दूध आटल्याचं सांगितलं की मी आधी पंपाबद्दल विचारते. व्हॉल्व्ह आणि पातळ पडदा वापरून सैल पडतात, ओढ कमी होते, पण मोटारचा आवाज तसाच येत राहतो, म्हणून शंका येत नाही. रोज वापर असेल तर व्हॉल्व्हची एक जादा जोडी घरात ठेवा.

दुसरी शंका छातीवर बसणाऱ्या नरसाळ्याची, म्हणजे फ्लँजची. डब्यात बहुधा २४ मिलीमीटरचा येतो आणि आपण तोच आपला मानून चालतो. पंप लावण्याआधी स्तनाग्राची बुडाशी रुंदी पट्टीनं मोजा. फ्लँज तेवढाच किंवा दोन-तीन मिलीमीटर मोठा हवा. लहान झाला तर स्तनाग्र घासून सोलवटतं, मोठा झाला तर भोवतालचा काळा भाग आत ओढला जातो. दोन्हीकडे दूध कमीच निघतं. आत बसवायच्या सिलिकॉनच्या रिंगा मिळतात, त्यासाठी नवा पंप घ्यावा लागत नाही.

जोर लावून धार निघत नाही

ओढ सगळ्यात वरच्या नंबरवर ठेवणं ही तर हमखास चूक. गाईची धार काढताना बघितलेल्या बाईला हे समजावायची गरज नसते. वासरू पुढं आणल्याशिवाय आणि कास पाण्यानं धुऊन चोळल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही, आणि तिला घाबरवलं तर चक्क चोरते. आपलंही तसंच. दुखलं, घाई असली, दाराबाहेर कुणी ताटकळत उभं असलं की पान्हा फुटत नाही. पहिली दोनेक मिनिटं हलकी, भराभर ओढ, मग पान्हा फुटल्यावर सावकाश आणि सोसेल तेवढीच जोराची. मी पर्समध्ये लेकराचं न धुतलेलं झबलं ठेवायचे. वर्गशिक्षिकेच्या कपाटात ते कसं दिसायचं ते जाऊ द्या, उपयोग मात्र व्हायचा. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. शेवटी हातानं हलकं दाबून काढलं तर आणखी थोडं निघतं.

हातानं काढणं प्रत्येकीला यायलाच हवं. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या थोडं मागं. आधी छातीच्या दिशेनं दाबायचं, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे. कातडीवरून घासत पुढं ओढायचं नाही. याला चार्जिंग लागत नाही. मोठ्या बसस्थानकावरच्या हिरकणी कक्षात बसूनही जमतं आणि रानात झाडाच्या आडोशालाही.

दोन खेपांमधलं अंतर

'छाती भरू दे, म्हणजे एकदाच भरपूर निघेल,' हा हिशोब उलटा पडतो. दूध साचून राहिलं की शरीर मागणी नाही असं समजतं आणि बनवणं कमी करतं. वरचेवर रिकामं झालं की जास्त बनवतं. म्हणून कामावर असताना साधारण दर तीन तासांनी, म्हणजे लेकरू जेव्हा पिलं असतं तेव्हा, दूध काढा. रात्रीचं पाजणं एकदम तोडू नका, दूध बनवायला सांगणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. लाडू-खिरीला माझा विरोध नाही, बाळंतिणीला ताकद हवीच. पण दूध मुख्यतः निघण्यावर वाढतं. बाळंतिणीला पाणी मोजून देण्याची पद्धत मात्र आपल्या उन्हाळ्यात सोडाच. तहान लागेल तेवढं प्या.

आणि बाटलीतल्या आकड्यावरून अंगात दूध किती ते ठरवू नका. लेकरू पंपापेक्षा चांगलं ओढतं. अंगावर पाजून झाल्यावर पंप लावला तर पंधरा ते साठ मिली निघणं नेहमीचंच. पाळी येण्याच्या दिवसांत थोडं घटतं, मग परत येतं. लेकरू दिवसात सहा किंवा जास्त वेळा शू करतंय आणि अंगणवाडीच्या कार्डावरची वजनाची रेघ चढतेय, तर दूध पुरतंय.

उन्हाळा आणि फ्रीज

काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं हे बरोबर, पण ते २५ अंशांपर्यंत. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा काढल्याबरोबर गारच करायचं. माठावर बाटली ठेवणं पुरेसं नाही, माठ फ्रीजइतका गार होत नाही. बर्फाचे पॅक घातलेल्या थंड पिशवीत चोवीस तास चालतं. फ्रीजमध्ये चार दिवस, तेही आतल्या बाजूला, दारात नाही. एका दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यातलं दोन आठवड्यांत संपवा. लाईट गेली तर दार उघडू नका, साधारण चार तास गारवा राहतो. प्रत्येक बाटलीवर तारीख टाका.

दूध गार झालं की वर साय धरल्यासारखा थर येतो. ते नासलेलं नसतं, हलक्या हातानं हलवलं की मिसळतं. माझ्या आईनं पहिल्याच दिवशी ते पातेल्यात ओतून गॅसवर ठेवलं होतं. दूध म्हटलं की उकळायचं, हा हातचा पाठ! तसं करू नका, मायक्रोवेव्हही नको. कोमट पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवा. फ्रीजमध्ये वितळवलेलं चोवीस तासांत वापरा, परत गोठवू नका. पाजून उरलेलं दोन तासांनंतर टाकून द्या. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं, धुवायला सोपं. पंपाचे दुधाला लागणारे भाग दर वेळी साबणानं धुवा आणि दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळा. नळी आतून ओली दिसली तर वाळल्याशिवाय लावू नका.

"उन्हातून आलीस, दूध तापलं असेल, आधी पिळून टाक," हे मी शेजारच्या दोन घरांत तरी ऐकलंय. अंगातलं दूध उन्हानं तापतही नाही, नासतही नाही. पाय धुवा, पाणी प्या आणि लेकराला घ्या. तसंच सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला उन्हाळा म्हणून वरचं पाणी लागत नाही, आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं.

डॉक्टरांकडे कधी

स्तनात गाठ, लाली, दुखणं सुरू झालं की पाजणं थांबवू नका. पण सगळी गाठ आजच फोडायची म्हणून तासन् तास पंप लावणं आणि रगडून मालिश करणं, यानं सूज वाढते. नेहमीइतकंच काढा, वरून गार शेक द्या. चोवीस तासांत उतार पडला नाही किंवा ताप चढला तर दाखवा. पंप ठीक, वेळा ठीक, तरीही दूध घटतच असेल तर थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाळणा लांबवायची गोळी नुकतीच सुरू केली असेल तर तेही सांगा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं, आणि डॉक्टर त्याऐवजी दुसरी देऊ शकतात.