स्कालात लिस्टा जोडताना मी खाल्लेली माती

मी फोंड्याचा, कॉलेजात जावाच शिकलेलो. पणजीत पहिली नोकरी लागली तिथे सगळं स्काला या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत. पहिल्याच आठवड्यात दोन लिस्टा (ओळीने ठेवलेल्या नोंदी) जोडायचं काम आलं, म्हटलं यात काय एवढं, अ ++ ब लिहिलं आणि खाली अ प्रिंट केली तर अ होती तशीच! अर्धा दिवस मी फाइल वाचणाऱ्या कोडला शिव्या घालत बसलो. स्कालाची साधी लिस्ट एकदा बनली की बदलत नाही, ++ नवीन लिस्ट देतो आणि ती कुठल्या नावात धरून ठेवली नाही तर गेलीच.

मग कोलनचा घोळ. दोन कोलन म्हणजे एकच वस्तू पुढे लावणं, तीन कोलन म्हणजे अख्खी लिस्ट पुढे लावणं. लिस्ट(१, २) :: लिस्ट(३, ४) लिहिलंत तर लिस्ट(लिस्ट(१, २), ३, ४) मिळते आणि कंपायलर (कोड तपासून मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) चकार शब्द काढत नाही. टाइप, म्हणजे ही फक्त आकड्यांची लिस्ट आहे असं, हाताने लिहिला असता तर तिथेच ओरडला असता.

पण खरी मजा पुढे. अ ::: ब करताना कॉपी फक्त अ ची होते, ब जशीच्या तशी शेपटीला वापरली जाते. फोंड्याहून बाणस्तारीमार्गे आलेला आणि दिवाडीच्या फेरीतून उतरलेला, दोघं जुन्या गोव्यापासून पणजीला एकाच रस्त्याने जातात ना, तसं. दोन लिस्टा, शेपूट एकच. हे चालतं कारण तो रस्ता कोणी खोदणार नाही ही गॅरंटी आहे (पणजीतल्या रस्त्यांबद्दल मी बोलत नाहीये).

हे न कळल्यामुळे माझा वर्षभराचा रिपोर्ट रखडत होता. रोजची एक अशा ३६५ लिस्टा, धरून चला प्रत्येकीत हजार नोंदी. मी फोल्डलेफ्टमध्ये (डावीकडून एकेक घेत जमवत जाणारं फंक्शन) आधीची जमलेली लिस्ट डावीकडे ठेवून नवी उजवीकडे जोडत होतो, म्हणजे दर वेळी जमलेलं सगळं परत कॉपी. गणित करून बघितलं तर ६ कोटी ६४ लाख ३० हजार कॉप्या! उजवीकडून जोडत आलो असतो तर ३ लाख ६४ हजारांत भागलं असतं. सीनियरने काही न बोलता ती ओळ खोडली आणि नुसतं फ्लॅटन लिहिलं, तो सगळ्या लिस्टांची एकच लिस्ट करताना प्रत्येक नोंद एकदाच कॉपी करतो.

अजून एक, अ ::: ब ::: क उजवीकडून जोडलं जातं, ++ ची साखळी डावीकडून. हास्केल या दुसऱ्या भाषेत मात्र ++ पण उजवीकडूनच, त्यामुळे तिकडचं वाचून इकडे लिहिताना जपून. आणि एकेक वस्तू शेवटालाच घालत जायची असेल तर पुढे लावत जा आणि सगळं झाल्यावर एकदाच रिव्हर्स करा, नाहीतर लिस्टऐवजी सरळ व्हेक्टर (शेवटाला स्वस्तात जोडू देणारा प्रकार) घ्या, मी हल्ली तेच करतो.