पावसाळ्यात घट्ट झालेला लाकडी मुठीचा चाकू

पुण्यात जुलैत ओपिनेलसारखा (हा फ्रेंच ब्रँड) लाकडी मुठीचा घडीचा चाकू उघडताना नखं मोडायची वेळ येते, कारण दमट हवेत लाकूड फुगतं आणि पातं आवळून धरतं. पातं अडवून धरणारी लॉकची रिंग मोकळी करा, मुठीचं मागचं टोक टेबलावर ठकठक आपटा, पात्याचं टोक जरा वर येतं, ते बाजूंनी चिमटीत धरून उघडा. मग उघडाच ठेवून दोन-तीन दिवस पंख्याखाली सुकू द्या, गॅसवर शेकवायची हुशारी नको, तडा जातो. पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्यापाशी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकून उघडझाप करा, काळा मळ निघेल तो पुसा (खोबरेल नको, डिसेंबरात गोठतं). तरी घासलं तर खाचेत आतून बारीक पॉलिश पेपर फिरवा, पण अगदी हलक्या हाताने, उन्हाळ्यात लाकूड परत आकसतं आणि पातं डुगडुगतं.