कूलंट कमी होतंय पण गळती सापडत नाही? टर्बो गाडीत अशी शोधा

खाली एक थेंब नाही, गाडी गरम होत नाही, धूरही पांढरा नाही, तरी दर पंधरा दिवसांनी कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी मिनिममच्या खाली. अशा वेळी सल्ला देणारे दोनच जातीचे भेटतात. एक म्हणतो "टर्बो आहे, थोडं पिणारच", दुसरा म्हणतो "हेड गॅस्केट गेलं साहेब, इंजिन खोलू" (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील). पहिल्याचं ऐकूच नका, कूलंटची सिस्टिम बंद असते, त्यात काही "पिणं" वगैरे नसतं. दुसऱ्याचं खरंही निघू शकतं, पण तपासल्याशिवाय हेड उतरवू देऊ नका. माझ्या टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या पेट्रोल गाडीने 1000 किलोमीटरला साधारण 300 मिली गायब करत मला वर्षभर नाचवलं, आणि शेवटी निघालं काय तर तांब्याचं एक वॉशर.

आधी मोजा. सकाळी, गाडी थंड, सपाट जागा, टाकीवर लेव्हलला टेपचा तुकडा आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. कूलंट नुकतंच बदललं असेल तर आत अडकलेली हवा निघून पहिले काही दिवस लेव्हल उतरते, ते धरू नका.

टाकीचं झाकण जुनं असेल तर बदलून टाका, झाकणावर प्रेशरचा आकडा छापलेला असतो तोच घ्या.

मग टॉर्च घेऊन बाहेरून बघून घ्या: होजची टोकं, रेडिएटरचं प्लास्टिक अ‍ॅल्युमिनियमला जिथे जोडलंय ती कड, वॉटर पंपाच्या खालची बाजू, आणि डावीकडच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं आहे का (आत गोडसर वास आणि काचेवर चिकट धुकं आलं तर हीटर कोअर, म्हणजे केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, गळतोय).

आता प्रेशर टेस्ट, इथेच सगळे माती खातात, मीही खाल्ली. टाकीच्या तोंडावर हातपंप लावायचा, झाकणावरच्या आकड्याइतकं प्रेशर भरायचं आणि काटा बघत बसायचं, एवढंच ते काम. दोन गॅरेजांनी माझी टेस्ट केली आणि दोन्हीकडे उत्तर एकच, "प्रेशर होल्ड करतंय साहेब, काही नाही". दोन्हीकडे मी गाडी चालवत नेलेली, इंजिन तापलेलं, टेस्ट दहा मिनिटांची. तापलेल्या टर्बोजवळ सुटलेला थेंब खाली पडायच्या आधीच वाफ होऊन उडतो, दिसणार काय? शिवाय इंजिन गार होताना प्रेशर आपोआपही उतरतं, म्हणजे काटा हलला तरी त्याचा अर्थ लागत नाही.

म्हणून इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं असलेलं. आणि दुसरी गोष्ट जी मला कुणी सांगितली नाही: टेस्टपुरती टाकी जवळजवळ तोंडापर्यंत भरा. टाकीत लिटरभर हवा असेल आणि 10 मिली कूलंट गळलं तर 1.2 बारवर काटा जेमतेम 0.02 उतरतो, ते डोळ्याला दिसतसुद्धा नाही. हवा फक्त 200 मिली ठेवली तर तेवढ्याच गळतीला काटा 0.1 ने खाली येतो. बारीक गळती पकडायची असेल तर हवा कमी ठेवा, बास. टेस्ट झाल्यावर जास्तीचं कूलंट सिरिंजने काढून परत मॅक्सवर आणा, नाहीतर गरम झाल्यावर झाकणातून बाहेर येईल आणि तुम्ही नवीनच गळती शोधत बसाल.

मी संध्याकाळी पार्किंगमध्ये पंप लावला, 1.2 वर नेला आणि झोपायला गेलो. सकाळी काटा 0.9 वर. रात्रीच्या गारव्याने थोडा उतरतो पण इतका नाही. खाली पसरलेला पुठ्ठा कोरडा! मग टर्बोवरचं हीट शील्ड काढलं, तारेला पांढरा टिश्यू पेपर गुंडाळून एकेक जॉइंट पुसत गेलो आणि टर्बोतून कूलंट परत नेणाऱ्या रिटर्न लाइनच्या बँजो बोल्टखाली (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट, दोन्ही बाजूंना तांब्याची वॉशर) टिश्यूला गुलाबी डाग. हातात धरायचा छोटा आरसा घालून बघितलं तर बोल्टभोवती पांढरट गुलाबी खरपुडी जमलेली, वाळलेल्या मिठासारखी. ती खरपुडी म्हणजे उडून गेलेलं कूलंट. वर्षभराचा हिशोब तिथे चिकटून बसला होता.

ही जागा का फुटते तेही सांगतो. बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांत टर्बोच्या बेअरिंगभोवती कूलंट फिरतं. घाट चढून आल्या आल्या इंजिन बंद केलं की टर्बाइनची सगळी धग तिकडे सरकते, त्या वॉशरला रोज तापणं आणि गार होणं. डिझेलमध्ये मात्र बऱ्याच टर्बोंना फक्त ऑइल असतं, तिथे कूलंटची लाइन शोधत बसू नका, आधी ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा जळलेला गॅस कूलंटने गार करणारा भाग) तपासा. तो आतून फुटला की कूलंट सरळ सायलेन्सरमधून निघून जातं, कुठेच ओल नाही. गॅरेजला तो काढून वेगळा प्रेशरला लावायला सांगा.

काटा पडतोय आणि बाहेर सगळं कोरडं, तर आत जातंय. प्रेशर लावलेलं असतानाच स्पार्क प्लग काढून बोअरस्कोप (बारीक वायरवरचा कॅमेरा) घाला, एकच पिस्टन धुतल्यासारखा चकचकीत दिसला तर तोच सिलिंडर. काटा अजिबात हलत नसेल तर टाकीच्या तोंडावर निळ्या लिक्विडची टेस्ट करा, पेट्रोल गाडीत ते पिवळं पडलं म्हणजे जळलेला गॅस कूलंटमध्ये येतोय. थंड इंजिन चालू करून मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला तरी संशय तोच. आता हेडबद्दल बोला, त्याआधी नाही.

स्टॉप-लीकची (कूलंटमध्ये टाकून गळती बुजवायच्या औषधाची) बाटली ओतू नका. भोक बुजेल न बुजेल, टर्बोच्या बारीक लाइनी आणि हीटर कोअर मात्र बुजेल. आणि गरम टाकीचं झाकण उघडणाऱ्याला मी काही सांगत नाही, हात भाजला की कळतं.

दुरुस्ती सोपी: बँजोच्या दोन्ही बाजूंची वॉशर नवीन, जुनी घासून परत लावायची नाहीत, वर सीलंट फासायचं नाही, आणि टॉर्क रेंचनेच (ठरवून दिलेल्या जोरानेच आवळता येणारा पाना) आवळायचं. मग त्याच जातीचं कूलंट भरा (रंग सारखा म्हणजे जात सारखी नव्हे), हवा काढा, सांडलेलं लगेच धुवा, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. परत एक रात्र पंप लावून ठेवा. माझा काटा सकाळी 1.15 वर होता, खंबाटकी चढून कोल्हापूरला जाऊन आलो, टाकी टेपलाच टेकलेली. टेप अजून काढलेली नाही.