धबधब्याच्या ट्रेकला जाताय? जायचा नाही, परत यायचा हिशोब करा. या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी गणपती विसर्जन झाल्यावरच्या रविवारी आम्ही सहाजण बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीकडच्या एका लहान धबधब्याला गेलो होतो. वाटेत एक ओढा लागतो. सकाळी नऊला पाणी गुडघ्याच्या खाली होतं, चपला हातात घेऊन हसत खेळत पार झालो. गावातले एक काका म्हणालेले, "दोन वाजायच्या आत परत फिरा, वरच्या अंगाला ढग धरलेत." आम्ही हो म्हणालो आणि धबधब्याखाली साडेतीनपर्यंत बसलो, कारण आमच्या डोक्यावर थेंबभर पाऊस नव्हता. परत येताना तोच ओढा कमरेला लागायलाय, पाणी तांबडंलाल, आणि आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. एकजण म्हणायला लागला, "चल की मर्दा, कमरेएवढंच हाय, हात धरून जाऊया." त्या दिवशी आमच्यातल्या सगळ्यात शांत पोरानं सॅक खाली टाकली आणि सरळ सांगितलं, मी इथनं हलणार नाही, तुम्हीपण हलायचं नाही. अडीच तास बसलो. सहाच्या सुमाराला पाणी मांडीच्या खाली आलं, मग काठ्या टेकत पार झालो आणि अंधारात गाव गाठलं.

तेव्हापासनं मला एक गोष्ट पक्की कळली. आपल्याकडचे लोक धबधब्यापर्यंतचं प्लॅनिंग एकदम झकास करतात, किती वाजता निघायचं, नाश्ता कुठं, फोटो कुठं, खरं परतीचं कुणी बघतच नाही. खाली ज्या चुका लिहिलेत त्या बहुतेक सगळ्या तिथनंच सुरू होतात.

बेळगावातलं आभाळ बघून निघायचं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. शहरात टिळकवाडीत ऊन पडलंय म्हणजे घाटमाथ्यावरच्या कणकुंबीत ऊन असेल असं अजिबात नाही. घाटमाथ्याच्या कडेला ढग अडतात आणि सगळं पाणी तिथंच ओततात, म्हणून शहरात रिमझिम असताना कणकुंबी, चोर्ल्याला धो धो चालू असतंय. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडं जाते, तिथनं जवळच भीमगडच्या रानात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला गोव्याकडं उतरते. म्हणजे तुम्ही चालताय तो पाणलोटाचा माथाच. इथले ओढे लांबीला लहान आणि उताराला जास्त, त्यामुळं वर पाऊस पडला की अर्ध्या-पाऊण तासात खाली पाणी येतं, तुमच्यावर पाऊस पडो न पडो. यातली चांगली बाजू अशी की असे ओढे चढतात तसेच लवकर उतरतातसुद्धा, म्हणून थांबणं हा खरोखरचा उपाय आहे.

पाणी चढायच्या आधी खुणा दिसतात. नितळ पाणी गढूळ व्हायला लागतं, पालापाचोळा, काटक्या वाहून यायला लागतात, आवाज जड होतो, मघाशी उघडा असलेला दगड बुडतो. मी आता ओढ्यापाशी पोचलो की काठाचा एखादा दगड नजरेत धरून ठेवतो आणि जेवताना अधनंमधनं त्याच्याकडं बघतो. यातलं एक जरी दिसलं तरी फोटो अर्धवट सोडून लगेच, ज्या काठावरनं गाव गाठता येतंय त्या काठाला यायचं.

गोकाककडचं गणित वेगळं आहे. तिथं घटप्रभेवर वरच्या बाजूला हिडकल धरण आहे, त्यामुळं पाऊस नसतानाही पाणी सोडलं की नदी वाढते. गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा, झुलत्या पुलावरनं बघायला सुंदर, खरं वरच्या खडकांवर उतरून धारेच्या काठापर्यंत जाणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

ओढा चढलाय, आता काय करायचं?

पहिलं उत्तर, थांबायचं. उंच जागा बघून बसा, अंगात कोरडं काहीतरी घाला, चिरमुरे खा. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर पार करायचं नाही, हा आमच्यातला आता नियमच झालाय. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही आणि खालनं दगड गडगडत येत असतात.

गुडघ्याखालीच असेल आणि जायचंच असेल तर पात्र रुंद आणि पाणी पसरट आहे तिथनं जा. अरुंद जागा सोपी वाटते, खरं तिथंच पाणी खोल आणि जोरात असतं. खालच्या बाजूला लगेच कडा किंवा डोह असेल तर ती जागा सोडाच. बूट काढू नका, ओले झाले तर होऊदेत, अनवाणी पाय दगडात अडकला की संपलं. सॅकचा कमरेचा आणि छातीचा बेल्ट सोडा, पडलात तर सॅक टाकता आली पाहिजे. तोंड पाणी येतंय त्या बाजूला, काठी पुढं टेकवलेली, आणि एका वेळी एकच पाय सरकवायचा. आणि कमरेला दोरी बांधून पार व्हायची पद्धत काही ग्रुपमध्ये बघितली, ती कृपा करून करू नका. माणूस पडला की दोरी ताणली जाते आणि पाण्याचा जोर त्याला खाली दाबून धरतो.

पाऊस संपला म्हणजे धोका संपला असं समजायचं

नोव्हेंबर २०२२ मध्ये बेळगावच्या ४ मुली किटवाडच्या धबधब्यावर पाण्यात पडून गेल्या. सेल्फी काढताना पाय घसरला होता. महिना बघा, नोव्हेंबर. पूर नव्हता. ती बातमी आली तेव्हा गावात कुणालाच जेवण गेलं नाही, आणि तरी पुढच्या मोसमात लोक परत तसेच काठावर उभे होते, हे बघून जीव तुटतो.

धबधब्याच्या काठाला जांभा दगड असो की काळा कातळ, त्यावर पातळ शेवाळ असतं. चिखल दिसतो म्हणून आपण जपून पाय टाकतो, शेवाळ ओल्या दगडासारखंच दिसतंय म्हणून फसतो. त्यामुळं वरच्या कडेला जायचंच नाही, फोटो लांबनं काढायचा, आणि काढणाऱ्यानं मागं मागं सरकत जायचं नाही. खालच्या डोहात उडी नको. पाणी जिथं पडतं तिथं ते माणसाला परत परत आत ओढतं, चांगला पोहणारासुद्धा दमतो. थेट धारेखाली उभं राहणं म्हणजे वरनं येणाऱ्या दगडाखाली उभं राहणं.

कुणी पडलंच तर मागोमाग उडी मारू नका, जीव तळमळला तरीसुद्धा. ओढणी, काठी, दोरी, रिकामा बंद कॅन, जे असेल ते फेका आणि खालच्या अंगाला काठाकाठानं पळा.

परवानगी न बघता घुसायचं

भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, १९० चौरस किलोमीटरचं रान आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार आत विनापरवाना जाणं गुन्हा आहे. पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या रानातल्या धबधब्यांवर वनखात्याची बंदी येते, त्यात वज्रपोहासारख्या जागापण येतात. निघायच्या आदल्या दिवशी वनखात्याच्या ऑफिसात विचारा, रीलवर दिसलं म्हणजे उघडं आहे असं नाही. दूधसागरला कॅसलरॉककडनं रुळावरनं चालत जाणं हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे आणि बोगद्यात मागनं गाडी आली तर सरकायला जागा नसते. जुलै २०२३ मध्ये तिथं शेकडो पोरं अडवली होती.

बंदीचा राग येतो, मलापण यायचा. मग एकदा भीमगडच्या आतल्या एका गावातल्या माणसाशी बोललो. तिथं पावसाळ्यात कुणी आजारी पडलं तर गावकरी खांद्यावरनं उचलून मैलोनमैल चिखलातनं आणतात, मग गाडी मिळते. तुमचा पाय मोडला तर हीच माणसं रोप लावण सोडून तुम्हाला उचलायला येणार आहेत. तेव्हा त्यांच्या शेताच्या बांधावरनं जाताना बांध ढासळणार नाही एवढं तरी बघा, आणि काचेची बाटली रानात नेऊच नका.

वेळेचा अंदाज

जुलैत सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, खरं झाडीत सहालाच अंधारतं. ऑक्टोबरमध्ये तर सव्वासहालाच सूर्यास्त. जायला दोन तास लागले तर यायला दोनच धरू नका, चिखल, थकलेले गुडघे, उतारावरची घसरण, सगळं धरून अडीच-तीन. आम्ही आता घरातनं निघतानाच परत फिरायची वेळ ठरवतो, पावसाळ्यात एक वाजता, आणि तेव्हा धबधबा शंभर पावलांवर असला तरी फिरतो. दोनदा असं झालंय. वाईट वाटलं, खरं उजेडात घरी आलो.

गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला पैसे देऊन बरोबर घ्या. आणि विचारताना "रस्ता कुठं हाय" एवढंच विचारू नका, "काका, पाणी उतरतंय की चढतंय?" असं विचारा, त्यांना जे कळतं ते कुठल्या अॅपला कळत नाही. तरण्या पावसात (पुनर्वसू नक्षत्राच्या), म्हातारा पाऊस (पुष्याचा) चालू असताना कुठल्या ओढ्याला जायचं नाही हे त्यांना पाठ असतंय.

धुकं आलं, वाट दिसेना, तर पहिल्यांदा थांबा. सगळे एकत्र या, शेवटची ओळखीची खूण कुठली होती ते आठवा आणि आलेल्या वाटेनंच तिथंपर्यंत मागं जा. ओढा धरून खाली उतरत गेलं की गाव लागतं असं म्हणतात, घाटाच्या कडेला तो ओढा कड्यावरनं खाली पडतो. मॅप घरातच डाऊनलोड करा, मोबाईल फ्लाइट मोडवर ठेवा. सीमेवर फोन सारखा टॉवर शोधत बसतो, घडीत कर्नाटक, घडीत गोवा, घडीत महाराष्ट्र, आणि त्यातच बॅटरी संपते. रेंज मिळाली तर ११२ लावा, ॲम्ब्युलन्सला १०८.

कपडे, बूट, जळवा

जीन्स नको. भिजली की जड होते आणि वाळत नाही, आणि भिजलेल्या कपड्यात बाईकवरनं चाळीसेक किलोमीटर वाऱ्यात परत येताना माणूस खरोखर गारठतो, हात ब्रेकवर वळत नाहीत. कोरडा शर्ट आणि बनियन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या, थर्मासमधे चहा. रबराचा तळ खोल खाचांचा पाहिजे, झिजलेले रनिंग शूज शेवाळावर काही कामाचे नाहीत.

जळू चिकटली तर ओढू नका, मीठ किंवा पेटती काडी लावू नका. तिच्या तोंडाजवळ नखाची कड आडवी सरकवली की सुटते. रक्त बराच वेळ येतं, कारण रक्त गोठू न देणारा पदार्थ ती सोडते, घाबरू नका, धुवा आणि दाबून धरा. कोरड्या दिवसांत, डिसेंबर ते मे, जळवांपेक्षा गोचिडांची काळजी घ्या. आपल्या भागात गोचिडांमुळं पसरणारा माकडताप आहे. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. घरी आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ, कपडे वेगळे धुवायचे, आणि पुढच्या आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरला रानात गेलो होतो हे सांगायचं.

इथं चढलो म्हणजे हिमालयातल्या तळ्यावर चढू

राजहंसगडावर रोज चढणारी आमच्याकडची पोरं आता हिमाचलला जायला लागलेत, छान आहे, मीपण गेलो. खरं पाण्याचं गणित तिथं उलटं आहे. आपल्याकडं ओढा पावसानं चढतो, तिथं उन्हानं. बर्फ वितळतं म्हणून पहाटे घोट्याएवढा असलेला नाला दुपारी मांडीला लागतो, आभाळ निळंभोर असताना. म्हणून तिथं ओढे सकाळी पार करतात.

दुसरं म्हणजे हवा. बेळगाव समुद्रसपाटीपासनं साडेसातशे मीटरच्या आसपास, मनाली २,०००, आणि चंद्रताल तळं ४,२०० च्या वर. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासनं लोक मनालीतनं एका दिवसात गाडीनं चंद्रतालला पोचतात आणि रात्री वर राहतात. पाय कितीही मजबूत असूदेत, शरीराला विरळ हवेची सवय व्हायला दिवस लागतात. ३,००० मीटरच्या वर रोज झोपायची जागा ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये, हा साधा नियम. दारू नको, झोपेची गोळी नको, आणि उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरला विचारूनच. तळ्यात उतरू नका, बर्फाच्या पाण्यात अचानक गेलं की श्वासच अडकतो.

डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, तर वर जायचं नाही. तोल जायला लागला, बोलणं विसंगत झालं, बसल्याजागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरवायचं.

आमच्यातल्या एकानं दुपारपासनंच डोकं दुखत असताना कुणाला सांगितलं नाही, आपल्यामुळं सगळ्यांची ट्रिप बिघडेल म्हणून. रात्री उलट्या सुरू झाल्या. पहाटे दोनला ड्रायव्हरला उठवलं, तळं न बघताच गाडी खाली काढली. उजाडताना त्याचा चेहरा जरा हलका झाला, आणि संध्याकाळी मनालीत त्यानं स्वतः होऊन डाळभात मागितला.