तेलकट जेवण आणि लिपिड रिपोर्ट: या चुका टाळा

लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या मेदांची तपासणी, करायचं ठरलं की बरेच जण आठ दिवस तेलकट-तुपकट बंद करतात. रिपोर्ट बरा आला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या मेदाचा एक प्रकार) आठवड्याभराच्या पथ्यानेही उतरतात. कागद खूश होतो, धमन्यांना मात्र उरलेलं वर्ष सोसावं लागतं. तपासणीआधी नेहमीसारखंच जेवा, खरी परिस्थिती कळू द्या.

उपाशीपोटीचा आकडा म्हणजे दिवसभराचा आकडा नव्हे

जेवणातला मेद आतड्यातून कायलोमायक्रॉन नावाच्या कणांत भरला जातो आणि लसिकावाहिन्यांतून (लिम्फच्या नळ्यांतून) रक्तात उतरतो. ट्रायग्लिसराइड साधारण ३ ते ४ तासांनी सर्वात वर जातात. खाली यायला ६ ते ८ तास, कधी त्याहून जास्त लागतात. भरपूर मेदाच्या जेवणानंतर घेतलेलं रक्त लॅबमध्ये यंत्रात फिरवलं, की नळीत वर येणारा एरवी पिवळसर, नितळ द्रव दुधासारखा पांढुरका दिसतो. त्यात मधूनमधून खाणं चालूच असेल, तर रक्त पुरतं निवळायला पहाट होते.

अख्खे कायलोमायक्रॉन धमनीच्या अस्तरात शिरायला फार मोठे असतात. पण त्यांतला मेद काढून घेतल्यावर उरणारे लहान, कोलेस्टेरॉलयुक्त अवशेष आत जाऊन अडकू शकतात. धमनीकाठिण्य (धमन्या आतून जाड आणि कडक होणं) हा जेवणानंतरच्या तासांत घडणारा प्रकार आहे, असं संशोधक डोनाल्ड झिल्व्हरस्मिट यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. निरोगी माणसांवरच्या काही प्रयोगांत अशा जेवणानंतर हाताच्या धमनीची रुंदावण्याची क्षमता काही तास घटलेलीही दिसली. एका जेवणाने धमनी तुंबत नाही. रोज तेच, वर्षानुवर्षं, हे घातक.

जेवून तपासणी झाली म्हणून रिपोर्ट फेकू नका

एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) जेवणाने फारसे हलत नाहीत. एकुणातून एचडीएल वजा करा. तो नॉन-एचडीएल आकडा जेवणानंतरही भरवशाचा. गडबड होते ती एलडीएलमध्ये (‘वाईट’ कोलेस्टेरॉलमध्ये), कारण अनेक लॅब तो सूत्राने काढतात आणि त्यात ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा होतो. ट्रायग्लिसराइड डेसिलिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या वर असतील तर ते जुनं सूत्र चालत नाही. अशा वेळी उपाशीपोटी पुन्हा तपासा किंवा थेट मोजलेला एलडीएल मागा.

मेद सोडून साखरेकडे वळणं

हे आगीतून फुफाट्यात. जास्तीच्या साखरेपासून आणि मैद्यापासून यकृत स्वतःच ट्रायग्लिसराइड बनवतं. तेलकट जेवणासोबत दारू असेल, तर पातळी आणखी चढते. मेद शून्यावर आणायची गरज नाही, प्रकार बदला: संपृक्त मेद (तूप, लोणी यांतला) यकृताची एलडीएल उचलण्याची क्षमता कमी करतो, म्हणून त्याच्या जागी असंपृक्त तेलं, सुकामेवा, मासे घ्या.

जड जेवणानंतरच व्यायाम आठवणारे आदल्या दिवशीच्या चालण्याचा फायदा घालवतात. श्रमानंतर स्नायूंमध्ये मेद फोडणारं विकर (एन्झाइम) वाढतं आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणानंतरची चढण कमी राहते.

ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असतील तर घरगुती उपायांत वेळ दवडू नका. १००० च्या पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका बराच वाढतो. पोटात वर, पाठीकडे जाणारी तीव्र कळ आणि उलट्या सुरू झाल्या, तर तडक रुग्णालय गाठा.