उजनीच्या फुगवट्यात कयाकवरून मरळ: निघण्यापूर्वीची तयारी

कयाक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी होडी, घेऊन उजनीत गळानं मरळ मासा धरायला निघणार असाल, तर तयारीची सुरुवात वाऱ्यापासून करा. उजनी धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे साठलेलं पाणी, पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरला आहे. भोवती सगळी सपाटी, त्यामुळे वारा सुटला की त्याला अडवायला काही नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. आपली कयाक त्या बोटीपुढे अगदीच लहान. म्हणून आदल्या रात्री हवामानाच्या ॲपवर तासागणिक वारा बघायचा, आणि सरासरी वेगाशेजारी झोतांचा वेगळा आकडा दिलेला असतो तोही बघायचा. झोत ताशी २० किलोमीटरच्या पुढे दिसत असतील तर मी कयाक गाडीवर चढवतच नाही. काठावरून गळ टाकता येतो, त्यासाठी दिवस वाया घालवावा लागत नाही.

उन्हाळ्यातली पहाट इथे बहुधा शांत असते आणि ऊन चढलं की वारा जोर धरतो. तेव्हा उजाडताना पाण्यात उतरून दहाच्या आत बाहेर, असा बेत ठेवा. जाताना वाऱ्याच्या तोंडावर वल्हवत जायचं, म्हणजे दमल्यावर परत येताना वारा पाठीशी राहतो. एप्रिल-मे हे वळवाचे महिने. पश्चिमेला ढग काळवंडून आले, लांबवर गडगडलं, की मासा कितीही लागत असो, काठ गाठायचा. मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता आणि हातात कार्बनचा रॉड असतो.

आता हा मोसम का, ते. धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं, एरवी वापरात न येणारं पाणी. मार्चपासून पाणी झपाट्यानं ओसरतं, पातळी मृतसाठ्याच्याही खाली गेली की बातम्यांत ‘उजनी उणे’ असे मथळे यायला लागतात, आणि पसरलेला मासा उरलेल्या खाड्यांमध्ये, लव्हाळीच्या आणि जलपर्णीच्या कडेला गोळा होतो. मरळ हवेतला श्वास घेते. पाणी तापलं, त्यातला प्राणवायू कमी झाला, तरी ती उथळ पाण्यात टिकून राहते आणि थोड्या थोड्या वेळानं वर येऊन हवा घेते. ती हालचाल ओळखायला शिकलात तर अर्धं काम झालं. चिलापी वर आली तर बारीक टिपका उठतो. मरळ वर आली की पाणी संथपणे फुगून वळतं आणि मागे एक-दोन बुडबुडे राहतात. पहिला अर्धा तास रॉड हातात न घेता नुसतं बघण्यासाठी राखून ठेवा, हेही तयारीतच धरा.

परवानगीचं काम आठवडाभर आधी उरकायचं. जलाशय जलसंपदा विभागाचा, मासेमारीचं नियमन मत्स्यव्यवसाय विभागाकडे, आणि प्रत्यक्ष पाण्यावर पोट असलेली माणसं म्हणजे तिथले मच्छीमार. भिगवणच्या मासळी बाजारात सकाळी लिलावाच्या वेळी जा, कुठे उतरायचं, कुठे जाळी टाकलेली असतात, कुठल्या पट्ट्यात जायचं नाही, हे काकांना, मामांना सरळ विचारा. गळानं धरलेला मासा घरी न्यायला चालेल का, हेही तिथेच विचारून घ्या. नाही म्हणाले तर नाही. भिंतीजवळच्या आणि दरवाजांजवळच्या भागात तर कुणाला विचारायचीही गरज नाही, तिकडे जायचंच नाही. शिवाय कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला रोहित पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात. एका कयाकच्या हौसेपायी चरणारा थवा उठवणं हे मला अजिबात पटत नाही. लांबून वळसा घाला.

कयाकबद्दल थोडक्यात. वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप, दहा ते बारा फुटी, रुंद बुडाची घ्या. ती उलटली तरी पाणी भरून बुडत नाही आणि पाण्यातून तिच्यावर परत चढता येतं. हे परत चढणं घरून निघण्याआधी नाही तर किमान काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, मित्र शेजारी उभा असताना दोन-चारदा करून बघा. पोट कयाकवर आडवं, मग पाय पाण्यात मारत कूस बदलायची, मग बसायचं. कयाकमधलं पाणी काढायचं बूच घट्ट बसवलंय का, हे गाडीवर चढवताना एकदा आणि उतरवताना एकदा, असं दोनदा तपासा. हवेची कयाक असेल तर पंप, ठिगळाचं सामान आणि गळांसाठी झाकणाचा डबा हवाच.

लाइफ जॅकेट अंगावर हवं, पट्टे आवळलेले. मागे खुर्चीला अडकवलेलं जॅकेट पडल्यावर सापडत नाही. उजनीत उन्हाळ्यात ते गरम होतं, घाम येतो, हे खरं. पाठीला जाळी असलेलं, मासेमारीचं आखूड जॅकेट मिळतं, ते घ्या, पण काढू नका. खिशात शिट्टी, गळ्यात पाणी न शिरणाऱ्या पाकिटात मोबाइल, कमरेला छोटी सुरी. कयाकच्या मागे एक काठी उभी करून तिला भगवं किंवा लालभडक कापड बांधा. गावांमधल्या प्रवासी बोटी आणि मच्छिमारांच्या इंजिनाच्या होड्या याच पाण्यातून धावतात आणि उगवतीच्या उन्हात पाण्याला टेकलेला माणूस त्यांना दिसत नाही. घरी सांगून ठेवायचं: कुठल्या गावाजवळून उतरतोय, कुठल्या दिशेला जाणार, किती वाजता फोन करणार. तो फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, तो नंबरही घरच्यांकडे लिहून ठेवा.

बांधाबांध हा सगळ्यात वेळ खाणारा भाग, आणि तो खाऊ द्यावा. वल्ह्याला दोरी, रॉडला दोरी, पकडीला दोरी, चष्म्याला दोरी. जे बांधलेलं नाही ते बुडणार असंच धरून चाला. मात्र दोऱ्या आखूड ठेवा. लांब सुटी दोरी पायात गुंतते आणि उलटल्यावर तीच जीवावर येते. सगळं सामान कयाकमध्ये मांडून घरच्या अंगणात किंवा पार्किंगमध्ये खुर्चीत बसा आणि डोळे मिटून हात लावून बघा: पक्कड कुठे, सुरी कुठे, पाणी कुठे. वळावं लागतंय अशी वस्तू पुढे आणा, पुढे जागा नसेल तर घरी ठेवा.

थांबण्यासाठी नांगरापेक्षा मला बांबू जास्त आवडतो. फुगवट्यातल्या मरळीच्या जागा एक-दीड मीटर खोल असतात, खाली गाळ. आठ फुटी बांबू गाळात रोवून त्याला दोरीचा सुटा फास टाकला की कयाक जागेवर राहते आणि आवाज होत नाही. नांगर नेणार असाल तर दीड किलोचा घडीचा पुरे, पण तो कयाकच्या पुढच्या किंवा मागच्या टोकाला बांधा. आडव्या बाजूला बांधलेला नांगर वाऱ्यात कयाक उलटवतो. दोरी एका झटक्यात सोडता आली पाहिजे, कारण तळाशी बाभळीचे बुंधे आणि बुडालेल्या गावांची बांधकामं आहेत आणि नांगर तिथे अडकतो. पाणी पुरतं ओसरलं की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ वर येतं, त्यावरून खाली काय काय असेल याचा अंदाज बांधा.

रॉड दोनच. एक मरळीसाठी, साडेसहा ते सात फुटी, मध्यम-भारी ताकदीचा, त्यावर ४० ते ५० पौंडी ब्रेडेड, म्हणजे विणीची, लाइन. वेलीत घुसलेली मरळ बारीक लाइननं बाहेर येत नाही, आणि तोंडात गळ घेऊन तुटून गेलेला मासा हा आपला दोष असतो. दुसरा हलका, आठ-दहा पौंडी लाइनचा, चिलापीसाठी. रॉडची मूठ आखूड बघा. बसून फेकताना लांब मूठ जॅकेटला अडते.

ल्युअरचा, म्हणजे खोट्या आमिषांचा, डबा हातात मावेल एवढाच. पोकळ अंगाचा मऊ बेडूक हे मरळीचं मुख्य ल्युअर, सहा सेंटिमीटरच्या आसपासचं, दहा-पंधरा ग्रॅमचं. तीन घ्या: काळा, हिरवट-तपकिरी, आणि एक पांढऱ्या पोटाचा. झाकोळात आणि पहाटेच्या अंधूक उजेडात काळा सगळ्यात चांगला, कारण खालून बघणाऱ्या माशाला त्याची कड आभाळासमोर स्पष्ट दिसते. दुकानातून आणलेला बेडूक तसाच वापरू नका. दुहेरी गळाची टोकं अंगाला टेकून बसलेली असतात, ती पक्कडीनं अगदी किंचित वर आणि बाहेर वळवा. शेपटीचे रबरी धागे लांब असतील तर निम्मे कापा, दोन्ही सारखे न ठेवता एक थोडा आखूड ठेवा, म्हणजे ओढताना बेडूक डावी-उजवीकडे चालतो. बेडूक दाबून आत पाणी शिरतंय का बघा, शिरत असेल तर तो बुडेल. शेवटी गळाचे उलटे काटे पक्कडीनं चपटे करा. काटा चपटा असला तरी लाइन ताणलेली ठेवली तर मरळ सुटत नाही. आणि तोच गळ तुमच्या अंगठ्यात घुसला तर सहज बाहेरही येतो. हे महत्त्वाचं, कारण काठ तेव्हा दीड किलोमीटर लांब असू शकतो.

विरळ लव्हाळीसाठी एक स्पिनरबेट, म्हणजे फिरत्या पत्र्याचं ल्युअर, आणि गळ रबरात लपवलेले चार-पाच मऊ मासे. चिलापीसाठी तीन ते पाच ग्रॅमचे बारीक फिरते स्पिनर. चिलापी घरटं राखत असेल तर भुकेपेक्षा रागानं त्यावर येते. पडीनसाठी, म्हणजे मोठ्या तोंडाच्या त्या दातांच्या माशासाठी, वेगळं ल्युअर नेऊ नका असंच मी सांगेन. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे. चुकून लागलाच तर पाण्यातच सोडवून द्या.

कयाकवर बेडूक चालवण्याची एक गोष्ट घरच्या मैदानात शिकून घ्या: मारा आला की लगेच ओढायचं नाही. मरळ बेडूक तोंडात घेऊन वळते, त्याला क्षणभर लागतो. लाइन ताणली गेली की मग रॉड वर न उचलता कडेला, कमरेच्या उंचीनं झटका द्यायचा. बसलेल्या माणसानं वर झटका दिला की तोल मागे जातो. आणि मासा मोठा असेल तर तो कयाकलाच आपल्याकडे ओढतो, त्यामुळे वेलींपासून सात-आठ मीटर अंतर ठेवून फेका. पाय दोन्हीकडे पाण्यात सोडले की थोडा अडसर होतो, तेवढा पुरतो.

मासा हाताळायचं सामान पायांमध्ये ठेवा: ओठ धरायची ग्रिप, लांब चोचीची पक्कड, गळ तोडायचा कटर, ओला पंचा. कोरड्या हातानं मासा धरू नका, अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की त्याला रोग लागतो. शिंगाळा मासा लागला तर त्याच्या कल्ल्यामागच्या आणि पाठीवरच्या काट्यांपासून हात दूर. मरळ हवा घेते म्हणून ती गरम प्लास्टिकवर फोटोसाठी पडून राहू शकते, असं समजू नका. ओल्या पंचावर ठेवा, एक फोटो काढा, सोडा. पाऊस सुरू झाला आणि पाण्यावर लालसर-केशरी पिल्लांचा थवा उकळल्यासारखा वर-खाली करताना दिसला, तर त्याखाली राखण करणारी मरळ असते. ती पिल्लांसाठी कशावरही तोंड टाकते. तिच्यावर बेडूक फेकू नका. राखणदार गेला की चिलापी आणि इतर मासे तो थवा संपवतात. तसं करून मिळालेल्या माशाचे फोटो अभिमानानं दाखवले जातात, ते बघून मला मनापासून वाईट वाटतं.

उतरायची जागा दिवसाउजेडी आधी बघून ठेवा. ओसरलेल्या पाण्याच्या काठी वरून वाळलेला, भेगाळलेला दिसणारा गाळ खाली मऊ असतो, माणूस मांडीपर्यंत जातो. वल्ह्यानं दाबून बघा, मुरमाची किंवा खडकाची जागा शोधा. दुसरी भीती शेतकऱ्यांच्या मोटारींची. पाणी मागे सरकेल तशा मोटारी पुढे सरकवल्या जातात आणि केबल चिखलातून, पाण्यातून गेलेल्या असतात. जोड टेपनं गुंडाळलेले असतात. मोटार दिसली की तिच्या आसपास उतरू नका, केबल हातानं उचलू नका, त्यावरून कयाक ओढू नका. रांगेत तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोल दिसले तर ते जाळं आहे. त्याला समांतर जा. ल्युअर जाळ्यात अडकलं तर आपली लाइन कापा, जाळं कापायचं नाही.

बाकीचं पटकन: माणशी तीन लिटर पाणी, ओआरएसची दोन पाकिटं, दशम्या-चटणी किंवा जे न सांडता एका हातानं खाता येईल ते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मान झाकणारी टोपी, पाण्याची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा. डोक्याला बांधायची बॅटरी, कारण उतरताना अंधार असतो. मलमपट्टीची पिशवी. टपावरून कयाक मागे बाहेर येत असेल तर टोकाला लाल कापड, आणि पट्टे पाटसच्या आसपास एकदा थांबून पुन्हा आवळा. सांगलीकडे कृष्णेत हेच करायचा विचार असेल तर सोडून द्या, तिथे मगरी आहेत.

परतल्यावर पहिला फोन घरी. मग काठावरच कयाकचा तळ, वल्ह्याचे सांधे आणि नांगराची दोरी बघा आणि चिकटलेला जलपर्णीचा प्रत्येक तुकडा काढून काठापासून लांब कोरड्या जागी टाका. एका तुकड्यातून नवं रोप उभं राहतं, आणि पुढच्या आठवड्यात तीच कयाक तुम्ही पानशेतला किंवा मुळशीला उतरवणार असता. घरी स्वच्छ पाण्यानं धुऊन, बूच काढून सावलीत वाळवा. बेडकांच्या पोटातलं पाणी पिळून काढा आणि ते डब्याबाहेर रात्रभर सुकू द्या, नाहीतर गळ गंजतात.