जीन रिपोर्टमध्ये 'डिप्रेशनचा धोका' लिहिलंय? मग असं वाचा

रिपोर्ट उघडला, सेरोटोनिन रिसेप्टरच्या (सेरोटोनिन हे मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, ते पेशीवर जिथे चिकटतं तो रिसेप्टर) जीनपुढे लाल अक्षरात 'वाढीव धोका' दिसलं आणि पोटात गोळा आला, असं झालं असेल तर आधी फक्त जीनचं नाव बघा. एचटीआर१ए किंवा एचटीआर२ए असेल तर तो सेरोटोनिनचा रिसेप्टर, डीआरडी२ असेल तर डोपामिन या तसल्याच दुसऱ्या रसायनाचा. एसएलसी६ए४ मात्र रिसेप्टर नाहीच, ते वापरून झालेलं सेरोटोनिन परत पेशीत ओढून घेणाऱ्या ट्रान्सपोर्टरचं जीन आहे, आणि सगळ्यात जास्त गाजलं तेच.

त्याची गोष्ट माहीत हवीच, कारण अजूनही लोक ती अर्धीच सांगतात. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमधल्या अभ्यासात दिसलं की या जीनचं आखूड रूप असलेल्यांना आयुष्यात मोठे धक्के बसले तर डिप्रेशन जास्त येतं. झालं, 'डिप्रेशनचं जीन' सापडलं! पण २००९ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तर तो संबंध टिकला नाही, आणि २०१९ मध्ये अशी १८ गाजलेली जीन्स लाखो लोकांच्या डेटावर तपासली तेव्हा डिप्रेशनच्या बाबतीत ती इतर कुठल्याही जीन्सपेक्षा वेगळी निघाली नाहीत. त्याच वर्षी ८ लाखांवर लोकांच्या अभ्यासात डिप्रेशनशी जोडलेल्या डीएनएमधल्या १०२ जागा सापडल्या, डीआरडी२ त्यात आहे, पण एकेका जागेचा परिणाम अगदी बारीक. म्हणून एका जीनवरून कोणी तुमचं भविष्य सांगत असेल तर मी तरी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

आता टक्केवारी. 'धोका २० टक्क्यांनी जास्त' वाचलं की विचारायचं, कशापेक्षा? समजा १०० पैकी १० जणांना होतं, तर ते १२ झाले, ३० नाही. तसंच डिप्रेशन साधारण ३७ टक्के आनुवंशिक असतं याचा अर्थ तुम्हाला ते व्हायची शक्यता ३७ टक्के असा नाही, माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला तेवढा वाटा जीन्सचा.

त्यापेक्षा कागद घ्या आणि आईवडील, भावंडं यांच्यापैकी कुणाला डिप्रेशन होतं, कुठल्या वयात, कुठलं औषध लागू पडलं ते लिहून काढा. जवळच्या नात्यात असेल तर धोका दोन ते तीन पट धरतात, म्हणजे हा कागद त्या लाल अक्षरांपेक्षा जास्त बोलतो, डॉक्टरकडे जाताना तोच आधी दाखवा.

रिपोर्टमध्ये सीवायपी२डी६ किंवा सीवायपी२सी१९ असेल तर तेही दाखवा, ती लिव्हरमधल्या एन्झाइमची जीन्स आहेत, काही गोळ्या शरीरात किती पटकन संपतात ते त्यावरून कळतं आणि डोस ठरवताना उपयोग होतो. पण रिपोर्ट बघून चालू गोळी स्वतःहून बंद करू नका, प्लीज.

आणि रिपोर्ट अगदी क्लीन असला तरी दोन आठवडे मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर जाऊन दाखवा, मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी, कुणालातरी सोबत घेऊन.